एटीआरचे तास 'फुकट' जात नाहीत

परवा रात्री साडेदहाला ताईने एक मेसेज पुढे पाठवला. खाली एकच ओळ: "याचं टोकन उद्या भरायचंय, तू बघ." भाच्याने उड्डाणाचे दोनशे तास पुरे करून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) मिळवलंय, घरावर कर्ज आहे, आणि मेसेज सांगतो: "एअरलाइनच्या रांगेत उभे राहू नका. चार्टर जेटचं टाइप रेटिंग स्वखर्चाने करा, दोन वर्षांत कॅप्टन व्हा. एटीआरचे तास जेटला धरत नाहीत. कॉर्पोरेटमध्ये महिन्याला दहाच दिवस काम. एअरलाइनचा बाँड आणि लांबलचक नोटीस तुम्हाला अडकवते." (चार्टर म्हणजे भाड्याने दिलेलं विमान, आणि टाइप रेटिंग म्हणजे एका जातीचं विमान उडवायची पात्रता.) हा मेसेज वैमानिकांच्या घरोघरी फिरतोय. मी स्वतः एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, उडवतो, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी त्या तासांचं बघू, कारण याच वाक्यापायी पोरं चांगली नोकरी नाकारतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १ वैमानिकांच्या परवान्यांबद्दल आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय: विमान दोन वैमानिकांसाठीच प्रमाणित असेल, तर को-पायलटचे तास वरच्या परवान्यासाठी पूर्ण धरायचे. एटीआर ७२ असंच विमान आहे. पंखा आहे की जेट, हा प्रश्न तिथे येतच नाही. उलट विमान एका वैमानिकासाठी प्रमाणित असेल आणि नियमामुळे दुसरा बसवला असेल, तर त्या दुसऱ्याचे सहसा जास्तीत जास्त निम्मेच तास धरले जातात; पूर्ण धरायचे तर देशाने तशी खास परवानगी द्यावी लागते. चार्टरमध्ये सर्रास दिसणारं किंग एअर बी २०० एका वैमानिकासाठी प्रमाणित आहे. म्हणजे तास कापले जाण्याची भीती आहे ती चार्टरच्या उजव्या, को-पायलटच्या सीटवर, आणि मेसेज भीती घालतो एटीआरची!

दोन वर्षांत कॅप्टन? बहुतेक जेटच्या डाव्या, कॅप्टनच्या सीटसाठी एटीपीएल (वैमानिकाचा सगळ्यात वरचा परवाना) लागतं, त्याला किमान १५०० तास. भाच्याला अजून १३०० हवेत, म्हणजे वर्षाला साडेसहाशे. चार्टरचं विमान गिऱ्हाईक असेल तेव्हाच उडतं. वर्षाला तीनशे तास मिळाले असं धरा, तरी चार वर्षं उलटून जातात. एअरलाइनमध्ये वर्षाला हजार तासांची कमाल मर्यादा घालावी लागते, यातच काय ते आलं. छोट्या, एका वैमानिकाच्या विमानावर सीपीएलवरही कॅप्टन होता येतं, एवढं खरं. पण मेसेज जेटच्या रेटिंगचे पैसे मागतोय.

प्रादेशिक एअरलाइन म्हणजे फक्त पंख्याची विमानं, असा समज असतो, तोही चूक. स्टार एअर कोल्हापूरला एम्ब्रेअर जेट आणते. गोव्याच्या मोपाहून उडणाऱ्या फ्लाय ९१ कडे एटीआर आहेत, आणि सिंधुदुर्ग, जळगावसारख्या धावपट्ट्यांवर दिवसात चार-पाच सेक्टर (उड्डाणं) केले की हात कसा बसतो, ते मी अनुभवलंय.

दहा दिवसांच्या कामाबद्दल एवढंच सांगतो: उरलेले वीस दिवस तुमचे नसतात. स्टँडबाय म्हणजे बॅग भरलेली आणि फोन उशाशी. मालकांची मीटिंग लांबली की तुम्ही विमानतळावर संध्याकाळपर्यंत बसून.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि नोटीसबद्दल मेसेज खोटं बोलत नाही, हे मान्य करावं लागेल. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) २०१७ मध्ये एअरलाइनच्या कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस घातली, आणि ती जाचक आहे. चार्टरमध्ये शिकायलाही मिळतं: नवं विमानतळ, स्वतः केलेलं नियोजन, सामानापासून इंधनापर्यंत सगळ्यावर नजर. हजार-दीड हजार तास झालेल्याने तिकडे जरूर जावं. माझे दोन मित्र गेलेत आणि खूश आहेत. पण दोनशे तासांच्या मुलाने, नोकरीचं पत्र हातात नसताना, कर्ज काढून जेटचं रेटिंग करायचं? ते रेटिंग एकाच जातीच्या विमानाचं असतं. देशात तशी मोजकीच विमानं असली, तर तो कागद घेऊन फिरणार कुठे?

ताईला सकाळीच फोन केला, टोकन थांबवलंय. त्या लोकांना दोनच गोष्टी लेखी विचारायला सांगितल्यात: गेल्या वर्षी तुमच्या प्रत्येक को-पायलटचे किती तास झाले, आणि रेटिंगआधी नियुक्तीपत्र देणार का. भाचा रविवारी लॉगबुक घेऊन येतोय.