अठराव्या वर्षी पुस्तक बंद होतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अंध विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी सरकारने विद्यापीठांना वेगळा निधी द्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलंत. तुमचं म्हणणं असं : शिष्यवृत्ती आहे, दिव्यांग भत्ता आहे, प्रवेशात ५ टक्के जागा आहेत, पेपरला लेखनिक आणि जादा वेळ आहे, आणि आता तर मोबाइलच सगळं वाचून दाखवतो. आहे त्याच योजनांना पुरेसे अर्ज येत नाहीत, मग आणखी पैसा कशाला? तो गरीब घरच्या डोळस मुलांना का नको? शेवटी विचारलंत, "नेमके किती आणि कशासाठी, ते एकदा स्पष्ट सांगा."

मोबाइलपासून सुरुवात करते, कारण हे मला सगळेच ऐकवतात. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे खरं आहे. माझ्या अंध विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं असंच सॉफ्टवेअर आहे आणि ती त्यावर माझ्यापेक्षा भरभर काम करते. पण ते अक्षरं वाचतं, अक्षरांचा फोटो ते आपोआप वाचत नाही. गेल्या वर्षी एसवायच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ मी तिला मोठ्या आनंदाने दिली. तिने फाइल उघडली आणि हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. काही नाही. २८० पानं, आणि एक शब्द ऐकू येत नव्हता.

मग एका सहकाऱ्याकडून टाइप केलेल्या नोट्स आणल्या. त्या युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखता येतं त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या. मला पडद्यावर स्वच्छ 'मागणीची लवचीकता' दिसत होतं आणि तिच्या कानात इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलर पडत होते. मराठीतला कितीतरी अभ्यासाचा मजकूर अजून अशा फॉन्टांत अडकून पडलाय. इंग्रजी माध्यमातल्या अंध मुलाला ही अडचण येत नाही, आपल्या भाषेत शिकणाऱ्या मुलीला येते. हे मला फार लागतं.

शेवटी छापील पुस्तकावरून आम्हीच मजकूर तयार करायला घेतला. संगणकाने ओळखलेल्या मजकुरात जोडाक्षरं चुकलेली, तळटीपा परिच्छेदात घुसलेल्या, मागणीचं कोष्टक म्हणजे आकड्यांची नुसती रांग. एक पान मूळ पुस्तकाशी ताडून बघायला दहा मिनिटं, आलेख शब्दांत मांडायला त्याहून जास्त. कॉलेज सुटल्यावर मी आणि वर्गातल्या दोघी बसायचो. सत्र परीक्षा आली तेव्हा ११२वं पान चालू होतं. बाकीच्या वर्गाकडे ते पुस्तक जूनपासून होतं. उरलेला भाग तिने मैत्रिणीकडून ऐकून केला, तोही मैत्रिणीचा स्वतःचा अभ्यास झाल्यावर.

लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ हे परीक्षेच्या दिवशीचं झालं. जे वाचायलाच मिळालं नाही, ते लेखनिकाला सांगणार कसं?

आता भत्त्याचं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अंध विद्यार्थ्याला वर्षाला ४,००० रुपये दिव्यांग भत्ता आहे, म्हणजे महिना ३३३. आमच्या गावातला डीटीपीवाला पानामागे २० रुपये घेतो. या एका पुस्तकाचेच ५,६०० होतात. शिवाय पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. हिचे वडील एसटीत वाहक आहेत, पगार त्यापुढे जातो, त्यामुळे तिला तेही नाही. अर्ज का येत नाहीत, याचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं. उरलेलं निम्मं तुम्ही टेबलावरून पाहिलं असेल : ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं खातं. आणि एका अर्जात तर 'चित्रातली अक्षरं ओळखून भरा' अशी चौकट होती. ती तिच्यासाठी मी भरली.

कायद्यातलीच एक ओळ तुमच्यापुढे ठेवते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. कलम १७ प्रमाणे पुस्तकं, अभ्याससाहित्य आणि साधनं मोफत द्यायची, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. बारावी होते तेव्हा मूल साधारण तेवढंच असतं. पुस्तकं जाड व्हायला लागतात आणि नेमकी तेव्हाच ती तरतूद संपते. याच कायद्यात 'वाजवी सोय', म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करून द्यायचा बदल, नाकारणं हा भेदभाव मानला आहे, आणि लेखनिक नाकारल्यावरून झालेल्या विकास कुमार खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. ब्रिटनमध्ये तिथल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना असा निधी घरचं उत्पन्न न बघता, गरज तपासून मिळतो आणि तो परत फेडायचा नसतो. २०२४-२५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा २६,९४८ पौंड होती. तेवढं मी मागतच नाहीये.

गरीब डोळस मुलांना पैसा हवाच, त्यांच्या ताटातलं काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांना हवं ते पुस्तक निदान ग्रंथालयाच्या कपाटात असतं. हिला वाचता येईल असं पुस्तक कुठे नसतंच, ते कुणीतरी तयार करावं लागतं. म्हणून पैसा विद्यार्थ्याच्या खात्यावर देऊन भागत नाही, तो ग्रंथालयाला द्यायला हवा.

किती, ते आमच्या कॉलेजपुरतं सांगते. ग्रंथालयात महिना १८,००० रुपयांवर एक माणूस, म्हणजे वर्षाला २,१६,०००, आणि एकदाच घ्यायचा चांगला स्कॅनर. पुस्तकांची यादी एप्रिलमध्ये हातात हवी. एकदा शुद्ध झालेली प्रत राज्यातल्या प्रत्येक अंध विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून याला मुभा आहे, आणि अशा प्रती ठेवायला २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. म्हणजे हे काम दरवर्षी नव्याने करावं लागणार नाही.

टीवायची यादी आली आहे. सहा पुस्तकं, त्यातली दोन युनिकोडमध्ये मिळाली. उरलेल्या चारांपैकी पहिलं येत्या रविवारी सुरू करतोय, सकाळी दहा ते एक. तुम्ही तीस वर्षं अर्ज तपासलेत, ओळन् ओळ ताडून बघायची तुमची सवय गेली नसेल. पानं मेलनेही पाठवता येतात. कळवा, पहिली वीस तुम्हाला पाठवते.