रिकामा डबा

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये. बोरिवलीत हल्ली कोणाची गेलेली नसते म्हणा, भाजीवाल्याकडे उभं राहिलं तरी बाजूची बाई विचारते तुमचं बिल्डरकडून भाडं सुरू झालं का. तर महिनाअखेरपर्यंत घर रिकामं करायचंय आणि गेले तीन रविवार मी माळा उपसतेय. माळ्यावरून चार खोके निघाले, लेकाला वाटलं आईची पुस्तकं, उघडले तर डिस्क. व्हीसीडी, डीव्हीडी आणि सगळ्यात वरच्या खोक्यात निळ्या डब्यांतल्या ब्लू-रे. तीनशेच्या आसपास असतील. मोजायला बसले होते, पण प्रत्येक डबा उघडून बघायचा मोह काही आवरेना, दीडशेनंतर नाद सोडला.

नवऱ्याने भंगारवाल्याला वर बोलावलं. त्याने रद्दी घेतली, मिक्सरचं भांडं घेतलं, मेलेला यूपीएस तर फार खुशीत घेतला. मग खोक्यातली एक डिस्क काढून गॅलरीत उजेडात धरली, तिच्यात बघून केस सारखे केले आणि परत ठेवून दिली. "सीडी नहीं लेते मॅडम. डब्बा देना है तो अलग करके दो."

मला इतका राग आला ना. तो बिचारा धंद्याचं बोलला, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, मग नवऱ्यावर काढला. तो म्हणाला, अगं सगळं ओटीटीवर आहे, कशाला तीन वर्षं भाड्याच्या घरात हे खोके सांभाळायचे. म्हटलं बरं, बघूया. खोक्यातले तीस सिनेमे डोळे मिटून काढले आणि लेकाला मोबाईल घेऊन शोधायला बसवलं. आमच्याकडे असलेल्या ॲपवर, नसलेल्या ॲपवर, भाड्याने, विकत, सगळीकडे. अकरा कुठेच नाहीत. नाव टाकलं की ॲप तेवढ्याच उत्साहाने "यासारखे आणखी" म्हणून भलतंच काहीतरी पुढे करतं, म्हणजे तुम्ही दुकानात तूरडाळ मागायची आणि त्याने साबण दाखवायचा.

पण नसण्याचं मला एवढं दुःख नाहीये. क्वालिटीचंही नाही. डिस्कवाल्या मंडळींचा क्वालिटी हा ठरलेला मुद्दा असतो आणि तो खरा आहे, मी नाकारत नाही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की 4के मध्ये तासाला साधारण 7 जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे दोन तासांचा सिनेमा 14 जीबी. 4के ब्लू-रे डिस्क असते 50, 66 किंवा 100 जीबीची. अंधाराचे सीन बघा एकदा शेजारी शेजारी लावून, ओटीटीवर काळ्या भिंतीवर पट्टे पट्टे दिसतात, धुकं असेल तर त्याचे ठोकळे होतात, आणि आवाज तर विचारू नका, डिस्कवरचा आवाज काहीही न गाळता ठेवलेला असतो आणि इथे तो पिळून पाठवलेला. त्यात टीव्ही इतके चपटे झालेत की स्पीकरला जागाच नाही, ते खाली तोंड करून बोलतात, मग 55 इंची टीव्ही घेऊन लोक मराठी सिनेमाही सबटायटल लावून बघतात कारण संवाद कळत नाहीत. सगळं मान्य. पण खरं सांगू का, आमच्या घरात हा फरक माझ्याशिवाय कोणाला दिसत नाही आणि मीसुद्धा तो सारखा सारखा दाखवत बसले तर मला जेवायला वाढणार नाहीत.

माझं दुखणं वेगळंच आहे. डिस्क उसनी देता यायची.

गिरगावात आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने आणायचे तेव्हापासूनची ही सवय. प्रत्येक बिऱ्हाडाची वर्गणी, शनिवारी रात्री एकाच खोलीत तीन पिक्चर, तिसऱ्याच्या वेळी निम्मी चाळ चटईवर घोरत असायची आणि सकाळी कॅसेट रिवाइंड करून द्यायची कारण लायब्ररीवाला त्याचे वेगळे पैसे लावायचा. पुढे कॅसेट घरात आल्या, पावसाळ्यात त्यांच्या टेपवर पांढरी बुरशी धरायची, मग व्हीसीडी आल्या. हिंदी पिक्चरला दोन नाहीतर तीन सीडी, आणि ऐन रडण्याच्या सीनला पहिली संपायची, बाबा डोळे पुसत उठून दुसरी लावायचे. चित्र तर काय, 352 बाय 288 पिक्सेल, आजच्या टीव्हीवर लावली तर माणसाला नाक आहे की नाही ते कळत नाही. पण ती सीडी या दारातून त्या दारात फिरायची. आणि आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत ना, अगदी तस्संच, सीडी परत द्यायला येणारा आपली एखादी घेऊन यायचा. माझी आवडनिवड अर्धी अशी झालीये, मला नको असताना लोकांनी हातात कोंबलेल्या सिनेमांनी.

नोकरी लागली फोर्टात. लंच टाइमला डबा दहा मिनिटांत संपवून काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचं, विकत घ्यायला पैसे कुठे असायचे, नुसतं बघायला, तिकडे गाणी ऐकायचे छोटे बूथ होते तिथे उभं राहायला. मग 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने 34 रुपयांना डीव्हीडी आणि 28 ला व्हीसीडी काढली आणि आमचं डोकंच फिरलं, वडापाव खावा तशा डीव्हीडी घ्यायला लागलो. (हो, त्याआधी फुटपाथवरच्या पायरेटेडही घेतल्यात, खोटं कशाला बोलू, एकीत तर मध्येच पडद्यासमोरून एक माणूस समोसा घेऊन जातो.) चुलत भावाने न्यू जर्सीहून हौसेने आणलेल्या डिस्क आमच्याकडे चालेनात, डीव्हीडीला जगाच्या भागाप्रमाणे कुलूप असायचं, त्या रीजन 1 च्या आणि आपला भारत रीजन 5, शेवटी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने रिमोटवर आकडे दाबून प्लेअरचं कुलूप उघडून दिलं, पाच सेकंदांचं काम, पैसेही घेतले नाहीत.

2008 मध्ये बोनस आला आणि मी 5.1 चा, म्हणजे पाच स्पीकर आणि दणक्यांसाठी एक सबवूफर असलेला, होम थिएटर घेतला. वन बीएचकेत. मागचे दोन स्पीकर शोकेसच्या डोक्यावर, सेंटर स्पीकर टीव्हीपुढे, आणि सबवूफरला जागाच नाही म्हणून तो दिवाणाखाली. पहिल्याच रात्री एक पाणबुडीचा सिनेमा लावला. पाण्यात बॉम्ब फुटतायत, दिवाण हादरतोय, नवरा दिवाणावर, त्याला वाटतंय पैसे वसूल. आणि एक दणका सिनेमातला नाहीये हे आमच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, तो खालून येत होता. खालचे काका झाडूच्या दांड्याने छत ठोकत होते.

मग ते स्वतःच वर आले. लेंगा, बनियन, बेस्टमधून रिटायर झालेला माणूस, आवाज काय विचारता. "अहो ही राहायची बिल्डिंग आहे की मराठा मंदिर?" मी सॉरी सॉरी करत रिमोट शोधतेय, तोपर्यंत त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. पाणबुडी तळाशी बसली होती, सगळे श्वास रोखून. काका दारात उभे. मग चप्पल काढून आत. मग दिवाणाच्या कडेला टेकले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "सुरुवात हुकली माझी. डिस्क दे उद्या, आठ दिवसांत देतो."

त्यांच्याकडे प्लेअर नव्हता. त्या एका डिस्कसाठी जाऊन घेऊन आले! आठव्या दिवशी परत करायला आले तेव्हा "कॅप्टन चुकलाच" पासून सुरुवात झाली ती दोन चहा होईपर्यंत, आणि जाताना पिशवीतून एका मराठी नाटकाची व्हीसीडी काढून माझ्या हातात. मला नाटक बघायचं नव्हतं. पण परत द्यायची होती ना, आणि परत देताना काका विचारणार हेही माहीत होतं, म्हणून बघितलं. संपल्यावर परत पहिल्यापासून लावलं.

मग मी एक वही केली. कोणाला काय दिलं, कधी दिलं, आलं का. बिल्डिंगमधली सहा घरं, ऑफिसातल्या तिघी, आणि वॉचमनचा मुलगा जो फक्त मारधाड न्यायचा आणि प्रत्येक डिस्क शर्टाला गोल गोल पुसून द्यायचा, त्याला शिकवलं की मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल पुसलं की चरा ट्रॅकच्या बाजूने जातो आणि मग डिस्क अडकते.

वही 2016 नंतर रोडावली. ते वर्षच कसलं होतं बघा. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच वर्षाच्या सुरुवातीला ऱ्हिदम हाऊस बंद झालं, सप्टेंबरात जिओ आलं, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. आणि गंमत म्हणजे आजवरची सगळ्यात भारी डिस्क, 4के ब्लू-रे, तीही त्याच वर्षी बाजारात आली, म्हणजे नवरी सजून आली आणि मांडव उठला. 2018 मध्ये ओप्पोने आपले भारीतले प्लेअर बनवणं थांबवलं. नेटफ्लिक्सचं मूळचं काम पोस्टाने डीव्हीडी पाठवायचं, तेही त्यांनी 25 वर्षांनी सप्टेंबर 2023 मध्ये गुंडाळलं.

ओटीटीवर उसनं देण्याचा एकच प्रकार उरला होता, पासवर्ड. तोही जुलै 2023 मध्ये नेटफ्लिक्सने भारतात बंद केला, एकाच घरातले असाल तर वापरा म्हणाले. मी बहिणीला ठाण्याला दिलेला होता, तिचं बंद पडलं. बरं विकत घेतलेला डिजिटल सिनेमा तरी तुमचा असतो का, तर तोही नाही, ते नुसतं लायसन्स, कॅलिफोर्नियाने तर 2024 मध्ये कायदाच केला की असं असेल तर "विकत घ्या" लिहिताना गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. लायसन्स बहिणीला आठ दिवस कसं देणार?

यावर लेक म्हणतो, आई मी लिंक पाठवतो की तुला. पाठवतो, रोज पाठवतो, मी उघडत नाही. मी त्याला नावं सांगते, तो "ॲड केलंय लिस्टमध्ये" म्हणतो, ती लिस्ट म्हणजे आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीसारखी, नोंद होते. लिंक परत द्यावी लागत नाही ना. कोणी दारात येऊन विचारत नाही बघितलास का, काय वाटलं, कॅप्टन चुकला ना. तो दीडपट स्पीडने बघतो, आडवा पडून, कानात बड्स, आणि शेवट त्याला आधीच रीलमधून माहीत असतो. त्याला काय बोलू, मी स्वतः मागच्या महिन्यात एक तीन तासांचा सिनेमा बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये पाच तुकड्यांत संपवला, त्यातला एक तुकडा दादरला दाराशी चेपलेली असताना. आणि घरी कोणालाही त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

होम थिएटरचंही तेच झालं, पाच स्पीकर कोणासाठी लावायचे? एकटीसाठी मी साउंडबारसुद्धा सुरू करत नाही, त्याचा रिमोट शोधण्यापेक्षा हेडफोन बरे. नव्या घराचा प्लॅन दाखवायला आलेल्या इंटिरियरवाल्या मुलीने टीव्ही युनिटमध्ये डिस्कसाठी सांगितलेला ड्रॉवर परस्पर शू रॅक करून टाकला. दिसायला छान दिसतंय.

तर गेल्या आठवड्यात एका रात्री खोके बांधताना त्या पाणबुडीच्या सिनेमाचा डबा हातात आला. उघडला, रिकामा. वही काढली. काका, मार्च 2014, "चौथ्यांदा", पुढे "आली" ची खूण नाही. काका आता भाड्याने दहिसरला राहतात, त्यांनी आमच्या दोन महिने आधी घर सोडलं. फोन केला. म्हणाले थांब, बघतो, आणि फोन चालूच ठेवून शोधायला गेले, मला कपाटाची दारं आणि काकूंचा आवाज ऐकू येतोय, "आत्ता? रात्री दहाला?" मग आले. "आहे गं. नाटकाच्या डब्यात गेलीये. माझी नाटकाची तुझ्याकडे असणार."

होती. तिसऱ्या खोक्यात.

आता प्रॉब्लेम असा की माझ्या प्लेअरचा ट्रे उघडेना. शनिवारी तो पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला नेला. जिथे कुलूप उघडून दिलं होतं तिथे आता सीसीटीव्ही कॅमेरे मिळतात, पण दोन गाळे सोडून एक म्हातारे कारागीर बसतात, त्यांनी झाकण उघडलं, आतला रबरी पट्टा बोटावर घेऊन दाखवला, शिळ्या शेवयीसारखा लोंबत होता. डब्यातून दुसरा काढून लावला. दीडशे रुपये. म्हणाले, पट्टा देऊ शकतो ताई, लेन्स गेली तर माझ्याकडे येऊ नका, माल येत नाही.

काका रविवारी येतायत. भाड्याचं घर सातव्या मजल्यावर आहे, सामान अजून खोक्यांत, पण दिवाण आधीच तिकडे नेऊन लावलाय आणि सबवूफर त्याच्या खाली सरकवलाय. काल काकांचा परत फोन आला, डिस्क स्वच्छ पुसून ठेवलीये, मधून बाहेर सरळ, आणि म्हणाले, "खाली सहाव्यावर कोण राहतं ते आधी विचारून ठेव."