फाईल परत कशी आणावी: फौजी कुटुंबांसाठी फुकट मार्गदर्शन

गेल्या सोमवारी आमच्या रिटायर्ड फौजी नानांची डिसॅबिलिटी पेन्शनची, म्हणजे अपंगत्वाच्या पेन्शनची, फाईल तिसऱ्यांदा परत आली. "अधिक पुराव्यासह सादर करावे." या विषयात आता आपली पीएचडी झालीय, तर ज्यांच्या घरात रिटायर्ड फौजी आहे आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा छंद जोपासायची हौस आहे त्यांच्यासाठी दोन शब्द.

आजारी पडायची जागा नीट निवडा. नाना दोनदा हाय अल्टिट्यूडला राहून आले, तिथं बीपी वाढलं नाही, म्हणजे वाढलंही असेल पण बर्फात मोजत कोण बसतंय, आणि खाली पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीला, आल्यावर मशीनवर दिसलं. चूक नानांचीच. २००३ ला रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे रिटायर होताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, ३० टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढं शेरा मारला एनएएनए, म्हणजे ना नोकरीमुळं झालं, ना नोकरीनं वाढलं. फौजेत त्याला 'नाना'च म्हणतात. नानांच्या फाईलवर नाना. आई म्हणाली, नाव तरी बरोबर लिहिलंय की!

२० टक्क्यांच्या खाली आजारी पडू नका, धरत नाहीत.

दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचा दाखला द्या. याच्यावर मात्र अधिक पुरावा मागत नाहीत, अजून तरी.

तिसरं का चौथं, पुरावा जपून ठेवा. कुठला? तर भरतीच्या वेळी बीपी नॉर्मल होतं त्याचा कागद आणि १९९६ च्या हॉस्पिटल अ‍ॅडमिशनचे पेपर. आता १९७९ साली १८ वर्षांचं पोरगं चड्डीवर रांगेत उभं होतं, छाती मोजली तुमच्या डॉक्टरनं, फॉर्म भरला तुमच्या क्लार्कनं, कागद गेला तुमच्या कपाटात, आणि ४५ वर्षांनी तो आमच्या ट्रंकेत शोधायचा! तरी हॉस्पिटलला पत्र टाकलं. उत्तर आलं, जुनं रेकॉर्ड नियमानुसार नष्ट केलंय. ते उत्तर जोडून फाईल पाठवली तर म्हणे मूळ कागद जोडा. अहो जाळलेत ना तुम्हीच!

आणि हे मागायचंच नसतं. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरा, आजार नोकरीमुळं नाही हे सरकारनं सिद्ध करायचं, शंका असेल तर फायदा जवानाला. २०१४ ला राम अवतार केसमध्ये अपंगत्वाच्या टक्क्यांच्या राउंडिंगचंही ठरलं, ३० असेल तर ५० धरा. बारा वर्षं होत आली, आणि तोच मुद्दा घेऊन एकेका म्हाताऱ्यानं वकील करून ट्रायब्युनलला, म्हणजे फौजींच्या खास कोर्टात, जायचं, साताऱ्याहून मुंबई बेंच, तारीख पे तारीख.

बास झाली टिंगल. पेन्शनवाले साहेब, तुम्ही फाईल वाचतच नाही. वाचली असती तर तिसऱ्यांदा तोच कागद मागितला नसता. नाकारायचं असेल तर कारण देऊन नाकारा, माणूस पुढं तरी जाईल. ना हो ना नाही, नुसतं टेबलावरून ढकलायचं, आणि ढकललेल्या फाईलीला निकाली काढली म्हणायचं. २४ वर्षं त्या माणसानं एक ड्यूटी चुकवली नाही हो, तुम्हाला चार पानं उलटवत नाहीत?

उद्या चौथ्यांदा स्पीड पोस्ट करतोय. नाना म्हणाले, झेरॉक्स अटेस्ट करून घे रे, नाहीतर त्याच्यासाठी परत येईल.