शनिवारवाड्यातलं भूत आणि पुण्यातले काका

पुतण्याचा मेसेज रात्री साडेअकराला आला. आधी एक लांबलचक फॉरवर्ड, खाली घाबरलेले तीन चेहरे आणि एक प्रश्न: "काका, हे खरंय का?" तोच फॉरवर्ड त्या आठवड्यात आणखी तीन गटांवर पाहिला होता. मजकूर थोडक्यात असा:

एका पॅरानॉर्मल टीमने शनिवारवाड्यात अख्खी रात्र काढली. तेरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना पौर्णिमेच्या रात्री जिथे मारलं, नेमक्या त्याच जागी मीटरचे दिवे लाल झाले, तापमान एकदम उतरलं आणि रेकॉर्डरवर "काका मला वाचवा" हे शब्द उमटले. म्हणूनच अंधार पडल्यावर सरकार कुणाला आत सोडत नाही. १८२८ची आगही त्यातलीच. सगळ्या पुणेकरांना हे माहीत आहे, पण कुणी बोलत नाही.

शेवटचं वाक्य आधी निकालात काढतो. पुणेकर एखाद्या विषयावर बोलत नाहीत असं ज्याला वाटतं, तो पुण्यात एक दिवसही राहिलेला नाही.

आता "तेरा वर्षांचा मुलगा". नारायणरावांचा जन्म १० ऑगस्ट १७५५चा आणि खून ३० ऑगस्ट १७७३चा. अठरा पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते. थोरल्या भावाच्या, म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर नऊ महिने ते पेशवेपदावर होते. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. भुताच्या गोष्टीला लहान लेकरू लागतं, म्हणून वय खाली आणलेलं दिसतं. तेराच का? माझा आपला एक तर्क आहे. खुनाची तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. कुणीतरी कुठेतरी तेरस वाचली असेल आणि ती वयाला चिकटवली असेल.

तिथीवरूनच "पौर्णिमेची रात्र" हा मुद्दाही सुटतो. पौर्णिमेला दोन दिवस होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रच नव्हती. सोमवार होता, गणपतीचे दिवस होते आणि वेळ भर दुपारची होती. हा तपशील कुठल्याही भूतकथेपेक्षा अंगावर येणारा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. त्या सकाळी गारद्यांमध्ये थकलेल्या पगारावरून गडबड चालली आहे याची कुणकुण नारायणरावांना लागली होती. त्यांनी आपले सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत गेले, पण आधी जेवायला, एका स्नेह्याकडे. नारायणराव दुपारचे जरा आडवे झाले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ आणि त्यांचे गारदी वाड्यात घुसले ते तेव्हा. आरडाओरडा ऐकून नारायणराव उठून पळाले ते थेट वाड्यातच नजरकैदेत असलेल्या चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे, आणि त्यांना मिठी मारून त्यांनी जीव वाचवायची विनवणी केली. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. तोही मारला गेला. इच्छारामपंत ढेरेही त्यात मारले गेले. यांची भुतं कुणी रेकॉर्ड करत नाही. सेवकाच्या आत्म्याला बहुधा फॉरवर्ड मिळत नाहीत.

आणखी एक. त्या हाकेचा अर्थ खोटा नाही, विनवणी झालीच होती. पण शब्द? पेशव्यांच्या घरात रघुनाथरावांना दादासाहेब म्हणत. राघोबादादा हे नाव तर आजही शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं. अशा घरातला पुतण्या जीव जाताना काय ओरडला असेल? "काका मला वाचवा" हे नाटका-गोष्टींमधून घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे. १७७३चा आत्मा वाड्यात फिरत असलाच, तर तो आपल्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य कशाला पाठ करत बसेल?

"नेमक्या त्याच जागी." कुठल्या? दिल्ली दरवाज्यातून आत जाऊन बघा. तटबंदी, बुरूज, नगारखाना, हिरवळ, हजारी कारंजं आणि दगडी जोती. ज्या दालनांमधून नारायणराव पळाले ती सागवानी होती आणि २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत ती गेली. पुढे आत पोलिसांची वस्ती होती. १९१९मध्ये वाडा संरक्षित स्मारक झाल्यावर ती हलवून उत्खनन झालं आणि ही जोती उघडी पडली. म्हणजे टीम ज्या मजल्यावर भूत शोधत होती तो मजला हवेत आहे. याच आवारातल्या एका कारंज्यावर ऑक्टोबर १७९५मध्ये वरून पडून सवाई माधवरावांना जबर मार बसला आणि दोन दिवसांनी ते गेले. वय २१. बाप-लेक दोघंही याच वाड्यात घायाळ झाले, पण मुलाचं भूत कधी निघत नाही, कारण त्याच्या नावावर ओरडण्याचं एखादं वाक्य नाही.

यंत्रांचं फार कौतुक असतं, पण त्यांचं उत्तर छोटं आहे. हातात धरतात तो के-टू मीटर चुंबकीय क्षेत्र मोजतो. विजेच्या वायरजवळ तो पेटतो, मोबाइल किंवा वॉकीटॉकी जवळ आणली तरी पेटतो. पाच जणांच्या टीमकडे खिशात पाच मोबाइल, दोन वॉकीटॉकी आणि बिनतारी माइक असतात. आवारात दिव्यांच्या केबली असतात. आधी उजेडात सगळीकडे फिरून नोंदी घेतल्या का, फोन बाहेर ठेवले होते का, हे फॉरवर्डमध्ये नसतं. तापमानाचं तर अजून सोपं. लाल ठिपका पाडणारा तो थर्मामीटर हवेचं नव्हे, ठिपका जिथे पडतो त्या वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. दिवसभर तापलेल्या काळ्या दगडावरून तो ओल्या हिरवळीवर न्या, आकडा झपकन खाली येईल. फोटोतले तरंगते पांढरे गोळे म्हणजे फ्लॅशने उजळलेली धूळ आणि चिलटं.

इथे आमच्या बाजूच्या, म्हणजे भुतं न मानणाऱ्या मंडळींनाही एक टोला. ते लगेच इन्फ्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा खोल आवाज, पुढे करतात. कॉव्हेंट्रीत विक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत भास झाले आणि कारण निघालं पंख्यामुळे उठणारं १९ हर्ट्झच्या आसपासचं कंपन. गोष्ट छान आहे, पण ती बंद खोलीतली. छप्पर नसलेल्या वाड्याला ती कशी लावणार? भुताला हाणायला हाताला येईल तो दगड उचलू नये.

आता खरा मुद्दा, रेकॉर्डिंग. पुतण्याला म्हटलं, वाद घालण्यापेक्षा ऐकून येऊ. गणपतीला आठवडा होता. आत जायची परवानगी नसते, म्हणून आम्ही रात्री साडेबारा ते सव्वा एक बाहेर तटाच्या कडेला उभे राहिलो. त्याचा फोन जॅकेटच्या खिशात, रेकॉर्डिंग चालू. कुत्री भुंकली. कुठेतरी घुबड किंचाळलं; गव्हाणी घुबडाचं ओरडणं ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, बाईच किंचाळली असं वाटतं. एक रिक्षा थांबली: "काका, सोडायचंय का कुठं?" पन्नाशीला आल्यापासून पुण्यात मला दुसरं नावच उरलेलं नाही. रिक्षावाला काका म्हणतो, भाजीवाली काका म्हणते, मागून हॉर्न मारणारा पोरगा तर "ओ काका!" म्हणतो. ज्या शहरात भर रात्रीसुद्धा दर थोड्या वेळाने कुणीतरी काका म्हणतं, तिथे "काका" रेकॉर्ड होणं यात नवल ते काय? आणि चॅनल भराभर बदलत जाणारा तो 'स्पिरिट बॉक्स' वापरला असेल तर तो एफएम रेडिओच असतो. पुण्याच्या रेडिओवर मराठी शब्द येणार, लॅटिन नाही.

घरी येऊन ऐकलं. एके ठिकाणी पुतण्या थबकला. मागे-पुढे केलं. खरखर, आणि त्यात लांबून एक पुरुषी आवाज. "काका वाचव! ऐका, ऐका!" त्याच्या हातावर काटा आला होता, मला दाखवला. मग आम्ही वहिनींना बोलावलं, काहीही न सांगता क्लिप लावली. त्यांनी दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "गाडी वळव म्हणतोय कुणीतरी." गंमत म्हणजे त्यानंतर पुतण्यालाही "गाडी वळव"च ऐकू यायला लागलं. खरं काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण त्या क्षणी माझं लक्ष तिकडे होतं. रस्त्यापलीकडे मांडवाचं सामान उतरवत होते. टेम्पोवर उभ्या पोराला खालचा ओरडला होता, "वासा खाली वाकव!"

खाली वाकव, गाडी वळव, काका वाचव. ध चा मा करायला आनंदीबाई लागत नाहीत. आधी कानात शब्द पेरला की कान उरलेलं काम करतो. १९५९मध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन नावाच्या स्वीडिश माणसाने पाखरांचे आवाज टेप केले आणि त्यात त्याला माणसं बोलताना ऐकू आली. मेलेल्यांचे आवाज टिपण्याचा हा सगळा छंद तिथपासून फोफावला. त्याची साधी परीक्षा वहिनींनी केली तीच: ऐकणाऱ्याला आधी काही सांगू नका, आणि चार जणांना वेगवेगळं बसवून जे ऐकलं ते लिहायला लावा. भुताच्या व्हिडिओत मात्र आवाज यायच्या आधीच पडद्यावर ठळक अक्षरांत वाक्य येतं. का, ते ओळखा.

"सरकार रात्री सोडत नाही." सोडत नाही, बरोबर. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि १९५९च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात. राजस्थानातल्या भानगढ किल्ल्यालाही याच कारणासाठी पाटी आहे आणि तिथेही तिच्यावरून हेच फॉरवर्ड निघतात. शिवाय याच वाड्यात अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होत आलाय. लोक तिकीट काढून, खुर्च्यांवर बसून, डास मारत तो बघून आलेत.

आग? ती कशामुळे लागली हे गूढ आहे, इतपत मान्य. पण जुन्नरच्या रानातून आणलेल्या सागवानाचा मजल्यावर मजला चढवलेला वाडा सात दिवस जळत राहिला यात शापाचं काही नाही. लाकूड जळतं.

हे सगळं ऐकल्यावर पुतण्या म्हणाला, "मग गटावर लिहू का हे?" म्हटलं, एवढं लांब कुणी वाचणार नाही, आपली क्लिप टाक, वर काही लिहू नकोस. त्याने टाकली. सकाळपर्यंत एकाला "काकू वाचव" ऐकू आलं होतं, एकाला "पाणी आणव", आणि एकाने नारायणराव स्पष्टपणे रडताहेत म्हणून हात जोडले होते. सगळ्यात खाली कसब्यातल्या कुणा पोराचा प्रश्न होता: "कुठल्या मंडळाचा मांडव हा? वासा वाकडा लावतायत."