कमी उजेडाचा कंदील

सहलीचं सामान वाटून घ्यायची बैठक आमच्याच गच्चीवर झाली. एकाने तंबू आणायचं कबूल केलं. दुसऱ्याने सावजी मसाला, गंज म्हणजे मोठं पातेलं, आणि ते रांधणारा मेहुणा एकगठ्ठा स्वतःच्या अंगावर घेतला. सगळे माझ्याकडे बघायला लागले तशी बायकोच म्हणाली, "यांना काही जड देऊ नका. दिवे द्या." झालं. रामटेकजवळ खिंडसीच्या तलावाकाठी एक रात्र, चार बिऱ्हाडं, चार तंबू, आणि चारही तंबूंत टांगायचे छोटे, हलके दिवे माझ्याकडे.

बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, "माळ्यावर आपला कंदील आहे ना. ने."

तो कंदील माझ्या आजोबांचा. काच शाबूत, पोटात वीस वर्षांपूर्वीच्या रॉकेलचा वास. मी बाबांना समजावलं की तंबू नायलॉनचा असतो, ज्योत लागली की कापड वितळून अंगावर येतं. शिवाय बंद जागेत जळणारी वात कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "ते बरोबर," म्हणाले, "पण याची वात कमी करता येते." आणि झोपाळा पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सीताबर्डी गाठली. पहिल्याच दुकानात मी 'कंदील' म्हणालो आणि तिथेच चुकलो. दुकानदाराने आतून दिवाळीचे उरलेले आकाशकंदील काढले. "चांदणीवाला अर्ध्या भावात लावतो." मी म्हणालो, तसा नको, तंबूत लावायचा पाहिजे.

आता नागपुरात डिसेंबर महिन्यात तंबू म्हटलं की माणसाला तलाव आठवत नाही. हिवाळी अधिवेशन सुरू असतं, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चे अडवलेले असतात, यशवंत स्टेडियमच्या बाजूला ओळीने मांडव पडलेले असतात. दुकानदाराचा आवाज एकदम हळवा झाला.

"उपोषणाला बसून राहिले का साहेब?"

"नाही हो."

"मग साखळी उपोषण असंल. किती दिवस?"

"एक रात्र. सहल आहे."

त्याचा काही विश्वास बसला नाही. "मोठाच घ्या," तो कानाशी येऊन म्हणाला. "लहान दिवा पाहून सरकार लक्ष देत नाही."

असं म्हणून त्याने फळीवरून एक धूड उतरवलं. बटण दाबलं. समोरच्या साडीच्या दुकानातल्या पुतळ्यांनी डोळे मिटले असते, असा प्रकाश. "पूर्ण मोहल्ला दिसते," तो म्हणाला. मी म्हणालो, मला मोहल्ला पाहायचा नाही, रात्री उशाखालचा चष्मा शोधायचा आहे. याहून कमी उजेडाचा दाखवा.

दुकान थांबलं. वायर मोजणारा पोरगा मोजता मोजता विसरला. "अरे," दुकानदाराने आत हाक मारली, "याहिले कमी उजेडवाला पाहिजे!" आतून भाऊ आला, मला वरपासून खालपर्यंत पाहून परत गेला. या बाजारात आजवर गिऱ्हाइकाने कमी किंमत मागितली असेल, कमी उजेड कोणी मागितला नव्हता.

खरं तर माझं म्हणणं शहाणपणाचंच होतं. मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्युमेन भरतो. दोन माणसांचा तंबू म्हणजे आपल्या पलंगाएवढी जागा, कापड फिक्या रंगाचं, आलेला उजेड तेच परत फेकतं. तीन-चार मेणबत्त्यांएवढा दिवा तिथे पुष्कळ होतो. आणि डोळे दिपवणारा दिवा आत लावला की लघवीला बाहेर पडलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं स्वतःचे पाय दिसत नाहीत. हे सगळं मी त्या दुकानदाराला हिंदीत सांगत होतो आणि तोही हिंदीत उत्तरं देत होता, कारण बर्डीवर दोन मराठी माणसांनी भाव हिंदीतच करायचा असतो. मध्येच त्याच्या आईचा फोन आला, तो "हो वं आई, जेवतो ना" म्हणाला, आणि आम्ही दोघंही जरा ओशाळलो.

मग पिवळ्या उजेडाचा विषय काढला. पांढऱ्या-निळसर दिव्याकडे किडे जास्त येतात, पिवळ्याकडे कमी. तलावाकाठी हे महत्त्वाचं. "पिवळा?" तो म्हणाला. "पिवळा पाहून लोक म्हणते सेल उतरला."

पुढच्या आठ दिवसांत मी बर्डी, सदर, इतवारी पालथी घातली. एका ठिकाणी तर तळहाताएवढ्या दिव्याच्या खोक्यावर '२०,००० एमएएच' छापलेलं, म्हणजे सेलमध्ये एवढी वीज मावते असा दावा. मी तिथल्या तिथे गणित मांडलं. यात बसतो तो गोल लिथियम सेल, बोटभर लांबीचा, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. चांगल्यातला चांगला घेतला तरी एकात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं. वीस हजारांना असे सहा सेल लागतील, म्हणजे नुसते सेलच पावशेराच्या वर. आणि तुमचा अख्खा दिवा नव्वद ग्रॅमचा! दुकानदाराने खोका उलटसुलट करून पाहिला आणि मला वाचता येत नसावं अशा समजुतीने अंकांवर बोट ठेवलं. "छापलं आहे ना साहेब."

वजन मी छापील मानायचं सोडलं ते तेव्हापासून. नमुने घरी आणले आणि बुधवार बाजारातल्या संत्रेवाल्या मावशीच्या काट्यावर ठेवले. मावशीने आधी विचारलं, "हे कोणतं फळ होय भाऊ?" मग तिलाच गोडी लागली. आंबिया बहाराची संत्री समोर होतीच, तेव्हा ग्रॅम कशाला? तीन मोठ्या सेलचा दिवा साडेतीन संत्र्यांचा भरला, त्यातली तीन संत्री तर सेलच होते. पेन्सिल सेलवाला दीड. आणि चार्जिंगचा एक चपटा, वर अडकवायला कडी असलेला, तो अर्धंच संत्रं. मावशी म्हणाली, "हाच न्या. हलक्या फळात रस कमी, पण तुम्हाला कुठं पिळायचा आहे?"

असे चार घेतले. घरी रोज रात्री एक लावून पाहायचो. बायको म्हणाली, "दिव्यातले चाळीस ग्रॅम वाचवून राहिले, आणि ती पिशवी?" पिशवीत तीन किलो चिवडा होता. मी विषय बदलला.

त्या चपट्या दिव्याला एकच बटण. एकदा दाबलं की मोठा, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा मंद, चौथ्यांदा लाल, पाचव्यांदा 'वाचवा वाचवा' अशी उघडझाप, आणि सहाव्यांदा बंद. घरी मला यात गैर काही दिसलं नाही.

खिंडसीला पोहोचलो. सूर्य गेला, मेहुण्याचा रस्सा झाला, सगळ्यांच्या कानातून धूर निघाला, थंडीने आपापल्या तंबूत पळालो. मी दिवा खाली चादरीवर ठेवला आणि इनर घालायला लागलो. दिवा जमिनीवर आणि माणूस दिवा व भिंतीच्या मधे असला की सावली तंबूभर मोठी पडते, हे शाळेत शिकलो होतो. पण शाळेत मी इनरच्या एका पायात दोन्ही पाय घातलेले नव्हते. बाहेरून टाळ्या पडल्या. मेहुणा म्हणाला, "भाऊ, पुन्हा एकदा!" मी दिवा वरच्या कडीला टांगला. सावली खाली पायाशी आली, तशी अब्रूही.

नंतर झोपायची वेळ झाली. दिवा मंदवर होता, बंद करायचा म्हणजे लाल आणि उघडझाप ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पण चार तंबूंत चार दिवे, मी एकसारखेच आणलेले, आणि साऱ्यांना झोप एकदमच आली. कोणाचा अंगठा घसरला, कोणी दोनदा दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पाच मिनिटं तो तलावाचा काठ वरातीसारखा लुकलुकत होता. तेवढ्यात अंधारातून काठी आपटत चौकीदार धावत आला. "काय झालं साहेब? साप निघाला का?"

"नाही, झोपून राहिलो."

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे दिवा बंद करून झोपते."

रात्री दोन वाजता मुलीला बाहेर जायचं होतं. पुन्हा मोठा, मध्यम... शेजारून आवाज आला, "काय उजेड पाडून राहिला बे!" ती परत आल्यावर दिवा मंदवर ठेवायचा ठरवलं, म्हणजे पुन्हा ती वरात नको. पण कंपनीचा 'मंद' बायकोला मंद वाटेना. "डोळ्यात येते," ती म्हणाली. पांघरूण डोक्यावर घेतलं तर गुदमरते. शेवटी मी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि दिव्याला घातली. मरून रंगाची, हाताने विणलेली, बायकोच्या मावशीची भेट. तिच्या टाक्यांतून असा सुरेख, जुन्या रेडिओच्या काट्यामागे असतो तसा पिवळा-तांबूस उजेड आला की दोघी मायलेकी क्षणात घोरू लागल्या. मंदवर एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे टोपीला धोका नव्हता. पहाटे तलावावरून जे वारं सुटलं ते मात्र पूर्ण माझ्या कानात शिरलं.

रविवारी संध्याकाळी घरी आलो. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, वर मफलर. बाबा झोपाळ्यावर होते. पाय टेकवून त्यांनी झोपाळा थांबवला आणि काहीतरी विचारलं.

"काय?" मी ओरडलो.

ते बायकोकडे वळले. "विचार त्याले, कमी होत होता का?"