बंदूक घ्यायची तर लढाई संपू द्या

भाऊ, रोह्यांनी अन् डुकरांनी तूर लोळवली म्हणून बंदुकीच्या लायसनसाठी कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारताय ना? चुकलात. लायसन हा शांततेतला रोग आहे. आधी नुकतीच लढाई संपलेला एखादा मुलूख गाठा.

बैलबाजारात आपण काय करतो? दात मोजतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो. दलाल रुमालाखाली बोटं दाबतो आणि शेवटी बाजार समितीची पावती फाटते. कलाश्निकोव्ह बंदुकीला, म्हणजे एके-47 ला, यातलं काही लागत नाही. ती ढेप खात नाही, पोळ्याला झूल मागत नाही. बैल दहा-बारा वर्षांत बसतो. ही चार मालक बदलून चाळीस वर्षं वाजते. पहिल्या मालकाचं नाव तेवढं विचारू नये, त्या बाजारात ते वाईट दिसतं.

माल कुठे निघतो? युरोपातल्या अल्बानियात तर लढाईचीही वाट पाहावी लागली नाही. 1997 साली पैसे दामदुप्पट करणाऱ्या योजना बुडाल्या, लोक खवळले आणि सरकारी कोठारं फोडून पाच लाखांहून जास्त हत्यारं घेऊन गेले. आपल्याकडे पतसंस्था बुडाली की ठेवीदार पासबुक घेऊन उपोषणाला बसतात. अल्बानियाच्या त्या मालातला बराचसा शेजारच्या कोसोव्होत खपला. 2011 ला लिबियात हुकूमशहा गद्दाफी पडला, कोठारांवर राखणदार उरला नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या बंदुका वाळवंट ओलांडून माली देशातल्या बंडात वाजत होत्या. आपला कापूस खरेदी केंद्राच्या फाटकापुढेच दोन रात्री काढतो.

2021 चं अफगाणिस्तान घ्या. सरकार कोसळलं तेव्हा तिथल्या फौजेकडे अमेरिकेच्या पैशातून आलेली 3 लाख 16 हजारांवर लहान हत्यारं होती. आकडा अगदी सुट्या नगापर्यंत छापलाय. रजिस्टर चोख, फक्त माल दुसऱ्याच्या खांद्यावर. आमच्या सोसायटीच्या गोदामात असं झालं असतं, तर निदान सचिवाची चौकशी तरी लागली असती.

आणि आपण? 45 किलो युरियाचं चुंगडं, किंमत 266 रुपये 50 पैसे, त्याला आधार आणि अंगठा. मागल्या हंगामात मशीन माझा अंगठाच घेईना. निंदणाने रेघा पुसल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "काका, हात धुऊन या." तीनदा धुतले. शेवटी घरून बायकोला बोलावून तिचा अंगठा लावला. बरोबरच आहे म्हणा, युरिया भलत्याच्या हाती पडला म्हणजे?

एक फायदा सांगायचा राहिला. आफ्रिकेतल्या मोझांबिकात 1992 ला यादवी थांबली आणि 1995 पासून तिथल्या चर्चच्या संस्थेने योजना काढली : बंदूक आणून द्या, बदल्यात कुदळ, सायकल नाहीतर शिलाई मशीन न्या. आमच्या वहिनीचा शिलाई मशीनचा अर्ज दोन वर्षांपासून पंचायत समितीत पडून आहे. सोबत काय जोडायचं राहिलं, असं ती परवा मला विचारत होती.