पत्र्यावरचे देवदार

आज सकाळी भाजी आणायला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. गोरेगाव पूर्वेला आमच्या शेजारची जी जुनी वसाहत पुनर्विकासासाठी पाडली, तिच्याभोवती उंच पत्रे उभे राहिले आहेत आणि त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जंगलाचे छायाचित्र चिकटवले आहे. धुके, दरी आणि देवदारांची रांग. हिमालयातले देवदार, गोरेगावात! दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढवले आहेत तिथे एका देवदाराचे खोड अर्धा इंच सरकले आहे, आणि एक कामगार नेमका त्याच खोडात स्क्रू पिळत होता. त्या पत्र्यामागे गेल्या दिवाळीपर्यंत दोन पर्जन्यवृक्ष आणि एक जांभूळ उभे होते. जून उजाडला की तिथला पदपथ जांभळा होत असे आणि आमच्या शाळेतली मुले डागाळलेले गणवेश घेऊन वर्गात येत असत. ज्यांनी ती झाडे पाडली, त्यांनीच आता झाडांचे चित्र लावून आपल्याला निसर्गाच्या सान्निध्यात राहायला बोलवावे, हे पाहून माझा संताप अजून उतरलेला नाही. म्हणून लिहिते आहे.

या संतापाचे मूळ जुने आहे. माझे वडील, अण्णा, गिरगावातल्या एका छापखान्यात ३१ वर्षे ऑफसेट मशीनवर होते. निवृत्त झाले त्या वर्षी, १९९४ च्या गणपतीनंतर, त्यांच्या हाती कर्जत तालुक्यातल्या भूखंडांचे एक रंगीत माहितीपत्रक आले. मागे हिरवागार कडा, त्यावरून उतरणारे तीन धबधबे, पुढ्यात खळाळता ओढा. अण्णांनी सवयीने भिंग काढले, छपाईचे ठिपके तपासले आणि म्हणाले, ‘चारही रंग कसे नेमके बसलेत बघ.’ अशी पत्रके त्यांनी स्वतः हजारोंनी छापली होती. पिवळा आणि निळा जरा चढवला की वाळलेले गवतही कोवळे दिसते, हे मला त्यांनीच शिकवले होते. त्याच माणसाने निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा त्या चित्रावर विश्वासून दिला.

भूखंड आम्ही प्रथम पाहिला तो पुढच्या मे महिन्यात, माझ्या शाळेला सुट्टी लागल्यावर. कडा होता, पण काळाकभिन्न. धबधब्यांच्या जागी तीन सुकलेले ओघळ, ओढ्यात नुसते गोटे, आणि त्या गोट्यांत खणलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या दोन बायका. पलीकडेच त्यांची ठाकरवाडी होती. माहितीपत्रकातल्या चित्रात ती वाडी कुठेच नव्हती, कारण छायाचित्रकार तिच्याकडे पाठ करून उभा राहिला होता. तो कडा खरा, धबधबे खरे, ओढाही खरा; सगळे ऑगस्टमधले. पुढे ओळखीतल्या एका वकिलाने सांगितले की यात खोटे असे काहीच नाही, तेव्हा तक्रार कशाची करणार?

मला नेमके हेच बोचते. निसर्गचित्राला खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. आपला सह्याद्री चार महिने हिरवा असतो. पावसाळा सरला की कातळावरचे पाणी निघून जाते आणि पिवळे गवत उरते, पण जाहिरातीतल्या सह्याद्रीला मे महिना कधी येतच नाही. लांबून टेलिफोटो लेन्सने टिपले की तीन किलोमीटरवरचा डोंगर इमारतीच्या पाठीला चिकटतो, आणि वाइड लेन्सने दारापुढचा हिरवळीचा तुकडा मैदानाएवढा होतो. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी छापून सदनिका विकणाऱ्या जाहिराती तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या पक्ष्यांची खाडी आणि खारफुटी कशाने आकसत चालली आहे, ते मात्र चित्राच्या चौकटीबाहेर राहते.

हे केवळ बांधकाम व्यावसायिकच करतात असे नाही, हे मला मान्य करावे लागेल. अशाच चित्रांनी चांगली कामेही झाली आहेत. कार्ल्टन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीची जी भव्य छायाचित्रे काढली, ती पूर्वेकडच्या शहरांत पोचली, आणि १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांनी ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. लिंकन स्वतः त्या दरीत कधीही गेले नव्हते. टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीवर धरण होणार होते, तेव्हा पीटर डोंब्रॉव्स्किस याचे धुक्यातल्या नदीचे चित्र १९८३ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत वृत्तपत्रांत पानभर छापले गेले आणि खाली मतदारांना विचारले होते की हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देऊ शकाल का. सरकार बदलले, धरण थांबले. त्या नदीसाठी मला आजही आनंद वाटतो.

पण योसेमिटीच्या त्या गाजलेल्या चित्रांत दरी निर्मनुष्य दिसते, आणि जेमतेम दहा वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, ‘अहवाह्नीची’ या तिथल्या मूळ रहिवाशांवर सशस्त्र तुकडी चालून गेली होती, त्यांना दरीतून हुसकले होते. हे वाचले तेव्हा मला कर्जतची ती ठाकरवाडी आठवली. तिच्याकडेही असाच कोणीतरी पाठ करून उभा होता.

आणि मी स्वतः? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी गोरेगावच्या आरे वसाहतीतली झाडे रातोरात तोडली, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत २,१४१ झाडे आडवी झाली, तेव्हा आपण सगळ्यांनीच आरेची वरून टिपलेली हिरवीगार छायाचित्रे पाठवली होती. मीही पाठवली. त्यांत तबेले नव्हते, आदिवासी पाडे नव्हते. आपल्यालाही अस्पर्श जंगलच दाखवायचे होते. ती झाडे वाचवण्यासाठी मी पुन्हा तेच करीन, पण पाड्यांवरची माणसे त्या चित्रांत असायला हवी होती. हे मी तेव्हा म्हणाले नाही, याची आज लाज वाटते.

कोणी म्हणेल, आता घर-जमीन घेणाऱ्यांसाठी रेरा कायदा आहे. आहे, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झाल्यास भरपाई मागता येते, हेही खरे. अण्णांच्या वेळी हा कायदा नव्हता. परंतु ऑगस्टातला धबधबा खोटा ठरवायचा कसा? शिवाय कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘चित्र केवळ प्रातिनिधिक’ असे छापलेले असतेच. आज त्या पत्र्यांवरही आहे, गुडघ्याच्या उंचीवर. वाचायला मला रस्त्यात वाकावे लागले.

अण्णांनी तो भूखंड २००३ मध्ये मिळेल त्या भावाला विकला. माहितीपत्रक मात्र टाकले नाही. त्यातले कड्याचे पान कापून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. मला त्याचा फार राग येई. आईच्या दुखण्यात पैशांची ओढाताण झाली तेव्हा एकदा मी ते पान फाडायला निघाले होते. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘फोटो खोटा नव्हता गं. मीच महिना विचारला नाही.’

इतकी वर्षे मी ते वाक्य हताश माणसाचे समजत होते. आता वाटते, माझ्या मुद्रक बापाने नेमकी मागणी सांगून ठेवली होती. जमीन, घर, धरण, रस्ता, यांपैकी कशासाठीही आपले मन वळवायला निसर्गाचे छायाचित्र वापरायचे असेल, तर ते कुठले, कोणत्या महिन्यातले आणि चौकटीबाहेर काय आहे, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावा. बिल्डरला लावा, सरकारला लावा, आपल्यातल्या आंदोलकांनाही लावा.

भाजी घेऊन परतताना पत्र्यांच्या फटीतून मी एक फोटो काढला, तो खाली जोडते आहे. स्थळ गोरेगाव पूर्व, महिना जानेवारी, वेळ सकाळी साडेनऊ. डावीकडे दिसतो तो जांभळाचा बुंधा, त्यावर कामगारांनी डबे ठेवले आहेत. माझ्या पाठीमागे रिक्षांचा थांबा, भाजीवाल्यांची रांग आणि आमची स्वतःची सात मजली इमारत होती. ती चौकटीत आलेली नाही.